बारा खोल्यांचा मुका डॉबरमन

शेठ, नोटिशीत तुम्ही खोटं लिहिलंत.

‘हिंसक कुत्रा’ असं लिहिलंत. ‘मालकावर हल्ला केला’ असं लिहिलंत. सात दिवसांत कुत्रा हजिऱ्याकडच्या तुमच्या ओसाड यार्डात पाठवा, नाहीतर खोली खाली करा, असंही लिहिलंत. खाली सही केलीत, सहीवर गोल शिक्का मारलात. पण या कुत्र्याला आणलं कोणी, ही एक ओळ तुम्हाला सुचली नाही. कागद संपला होता का?

आज सातवा दिवस. गल्लीच्या तोंडाशी तुमचा टेम्पो येऊन उभा आहे. त्यात एक नवी साखळी आहे. तिला लावलेल्या तेलाचा वास मला इथे उंबऱ्यावर बसून येतोय. सकाळी सातला रातपाळी सुटेल, मग मला न्यायचं असं ठरलंय. तेवढ्या वेळात मी माझी गोष्ट सांगून घेतो. तुम्हाला नाही, शेठ. तुम्हाला शेवटी एकच प्रश्न विचारायचाय. गोष्ट मुलांसाठी आहे. कारण यांच्यातलंच कुणीतरी उद्या घरात हट्ट धरणार, की मला डॉबरमन पाहिजे.

मित्रांनो, मी एक म्हातारा डॉबरमन आहे. वय साडेनऊ वर्षं. आमच्या जातीत हे वय म्हणजे आजोबाच. अंग काळं, भुवयांवर आणि पायांवर तांबूस डाग, आणि आता तोंडाभोवती पांढरं आलंय. एक कान उभा, एक पडलेला. शेपूट नाही. म्हणजे होती. जन्माच्या तिसऱ्या दिवशी, माझे डोळेही उघडले नव्हते तेव्हा, कुत्र्यांची पैदास करणाऱ्या फार्मवाल्याने ती कापली. दोन महिन्यांचा झालो तेव्हा कान कापले. कापले, पट्ट्या गुंडाळल्या आणि उभे राहावेत म्हणून बांधून ठेवले. लोकांना तसाच कुत्रा आवडतो म्हणे. मला बघून तुम्हाला जी भीती वाटते ना, ती मी जन्माला येताना आणली नव्हती. ती माणसाने कात्रीने कापून बनवली आहे.

शेठनी मला मोबाईलवर बघून पसंत केलं. त्यांच्या खात्यातून सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, चोरीला जात होते. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला खातं म्हणतात. शेठना राखणदार हवा होता. फार्मवाल्याला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “काटेगा ना?” आणि “कान कब खडे होंगे?”

बस. हा दिवसातून किती पळतो, एकटा राहू शकतो का, थंडी सोसते का, मोठेपणी आजार कुठला होतो, घरात दिवसभर याच्याजवळ कोण असणार, यातलं एक अक्षर नाही. फार्मवाल्यानेही सांगितलं नाही. विकणारा कशाला सांगेल?

बंगल्याच्या ओट्यावर पांढऱ्या फरशीवर मला बांधलं. मित्रांनो, माझी जात माणसाच्या पायाशी राहायला जन्मली आहे. तुम्ही या खोलीतून त्या खोलीत गेलात तर डॉबरमन मागे येतो. न्हाणीत गेलात तर दाराबाहेर बसून राहतो. त्याला बांधून सगळं घर निघून गेलं, तर त्याचं डोकं फिरतं. माझं फिरलं. एके दिवशी पट्टा तोडून मी आत शिरलो आणि शेठचा चामड्याचा सोफा फाडून काढला. रागाने नाही हो. त्या चामड्याला शेठचा वास होता, गुलाबाच्या अत्तराचा. त्या घरात मला तेवढाच एक जण ओळखीचा होता, आणि तो दिवसभर नसायचा.

दुसऱ्या दिवशी मला गाडीत घातलं आणि सुरतेच्या कडेला, बमरोलीला आणून खात्याच्या खांबाला बांधलं. कानाच्या पट्ट्या बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उजवा कान पडला, तो पडलाच.

आता जे सांगतो ते नीट ऐका.

खात्याचं दार उघडलं तेव्हा मला वाटलं, जग फुटतंय. अठ्ठेचाळीस लूम एकदम चालत होत्या. तो आवाज कानांतून येत नव्हता. जमिनीतून पंजात यायचा, पंजातून दातांत. तुम्हाला ऐकू येतं त्याच्या किती पलीकडचं मला ऐकू येतं, विचार करा. मी जमिनीला पोट लावून पडलो आणि डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने उघडले. तर त्या आवाजात माणसं होती. बनियनवर, केसांवर सुताचा पांढरा भुगा घेऊन सावकाश चालत होती. आणि बोलत होती! तोंडाने नाही, हातांनी.

मूठ फिरवली की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला. अंगठा ओठाला लावला की चहा. तळहात जमिनीकडे दाबला की थांब. दोन बोटं मिटल्या डोळ्यांवर ठेवली की कुणीतरी झोपलंय, किंवा कुणाला तरी झोप येतेय. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाची चेष्टा करत होता, तो तिकडे पोट धरून हसत होता, आणि दोघांच्या तोंडातून शब्द नाही.

त्यांच्यातला एक किडकिडीत माणूस एकटा बारा लूम बघत होता. हजारो धाग्यांमधला एक धागा तुटायचा, केसापेक्षा बारीक. मला दिसायचा नाही. या माणसाची पाठ असायची तिकडे, तरी तो वळायचा. दोन बोटं आत घालायचा, बाहेर काढायचा, झाली गाठ. ती गाठ मी आजपर्यंत पाहिलेली नाही. लूम पुन्हा सुरू व्हायची आणि कापड असं पुढे सरकायचं, जणू काही तुटलंच नव्हतं. मी खूप वास घेतलेत आयुष्यात. पण नुसतं बघून पाठीवरचे केस उभे राहिले ते त्या दिवशी.

त्याचं नाव उखा. खानदेशातला, पारोळ्याच्या बाजूचा. सत्तावीस वर्षं लूमवर काढलेला. त्या आवाजाने त्याचे कान जवळजवळ गेलेले. तो सगळ्यांच्या ओठांकडे बघतो.

शेठनी मला शिकवायला एक माणूस लावला होता. तो खात्यात यायचा आणि शिट्टी वाजवायचा. “सिट! सिट!” ओरडायचा. अठ्ठेचाळीस लूम चालू असताना! ऐकू काय येणार, कपाळ? मग काठी मारायचा. शेवटी म्हणाला, “शेठ, इसमें दिमाग नहीं है.” उखा पलीकडून बघत होता. तो आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि तळहात जमिनीकडे दाबला. मी बसलो. त्याने बोट फिरवलं. मी फिरलो. त्याच्या हाताला सुताचा, तेलाचा आणि तंबाखूचा वास होता. शिकवणारा माणूस शिट्टी खिशात घालून निघून गेला.

लक्षात ठेवा, मित्रांनो. डॉबरमनला लोक दगड समजतात. तो मनाने फार कच्चा असतो. त्याला मारलेलं तो विसरत नाही. मायेने शिकवलेलंही विसरत नाही.

“उखाभाई,” शेठ म्हणाले, “ये मेरे काम का नहीं. तुम्हारी सुनता है, तुम ही ले जाओ.” ना कागद, ना माझ्या सुया कधी दिल्या याची चिठ्ठी. जुनी खुर्ची द्यावी तसं दिलं.

खात्याच्या मागेच शेठच्या बारा खोल्यांची ओळ आहे. तिथल्या चौथ्या खोलीत उखा राहतो. आम्ही ओळीत शिरलो तेव्हा शेजारचा भिकन त्या दिवशी खाडा करून दारात दात घासत होता. भिकन दिवसपाळीला त्याच बारा लूम चालवतो, ज्या रात्री उखा चालवतो. तोंडाचा फाटका माणूस.

“ओ उखाभाऊ, शेठनी तुले बोनसमा घोडा दिन्हा का?”

उखाची बायको सरलाबाई मांडीवर साडी घेऊन तिला चमकीचे खडे चिकटवत होती. तिने वर पाहिलं आणि डिंकाचं बोट तसंच हवेत राहिलं. “माय वं! आपलेच पाय पसराले जागा नही, आनि हाऊ घोडा कोठे बांधशी?”

उखाने तिच्या ओठांकडे पाहिलं. “त्याले बांधाना नही,” एवढंच म्हणाला.

त्यांची मुलगी मयुरी तेव्हा पाचेक वर्षांची असेल. आज तेरा-चौदाची आहे. ती न घाबरता पुढे आली, माझा पडलेला कान उचलून आत बघितलं आणि म्हणाली, “मम्मी, याचा एक कान झोपलाय.” अहिराणीत काळ्याला काया म्हणतात. मी काया झालो.

खरं सांगतो, दहा बाय दहाच्या खोलीत डॉबरमन ठेवू नये. मी स्वतः डॉबरमन असून सांगतो. मला पळायला लागतं. रोज, तासभर तरी. नाही पळालो तर अंगातली वीज भांडी पाडते, उशा फाडते. हे कोणी शिकवलं नसताना ओळखलं ते सरलाबाईने. सुरतेत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि भाजीच्या गल्लीपलीकडे ती कधी गेली नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला ओढलं, ती पडली, गुडघे सोलले. दुसऱ्या दिवशी पदर खोचून पुन्हा उभी. “चाल रे बाप. आते बघसू, तू वढस का मी वढस.”

तेव्हापासून रोज पहाटे आम्ही खाडीच्या बांधावर. कापड रंगवणाऱ्या मिलचं पाणी त्या खाडीत येतं. कधी ती निळी असते, कधी जांभळी. मला रंग तितके कळत नाहीत, पण प्रत्येक रंगाला निराळा वास असतो, आणि तो मला बांधाच्या वळणाआधीच कळायचा. मी नाक मुरडलं की सरलाबाई हसायची, “आज लाल शे ना रे?” आणि लालच असायची. महिनाभराने शेजारची एक बाई सोबत आली, मग दुसरी. काळ्या जनावरासोबत चाललं की रस्त्यावरचे टवाळ बाजूला होतात, हे बायकांना कळलं. सहा बायका आणि मी. त्या बांधावर त्या इतक्या मोठ्याने हसायच्या की बगळे उडायचे. घरी कधी हसल्या नसतील तेवढ्या. मी पुढे चालत असायचो आणि मागून ते हसणं येत असायचं. मला वाटायचं, या सगळ्यांना मीच ओढत नेतोय.

थंडीत माझे हाल व्हायचे. आमच्या अंगावर केस म्हणजे नावाला. शेठच्या ओट्यावर मी जानेवारीभर कुडकुडलो होतो, कुणाला दिसलं नव्हतं. सरलाबाईने कापडाच्या चिंध्या जोडून मला अंगरखा शिवला. गुलाबी. उरलेले खडे मयुरीने त्यावर चिकटवले. भिकनने पाहिलं आणि तोंडातला चहा बाहेर उडाला. “हाऊ राखनदार शे का नवरी?” हसा. पण तो अंगरखा मी आठ हिवाळे घातलाय.

आता ती चूक सांगतो. चूक म्हणजे माया होती, पण चूकच. आणि ती असल्याच वस्तीत होऊ शकते.

उखा रातपाळीचा. सकाळी आठला झोपायचा, तीनला उठायचा. ओळीतल्या बारापैकी सात खोल्यांत दिवसा कोणी ना कोणी झोपलेलं असायचं. बारा तास उभं राहून आलेला माणूस झोपलाय आणि दारात कुत्रा भुंकतोय, हे चालायचं कसं? मी पहिल्यांदा भुंकलो तेव्हा मयुरी धावत आली आणि तिने दोन बोटं मिटल्या डोळ्यांवर ठेवली. पप्पा झोपलेत. मी गप्प झालो. तिने मला भाकरी दिली. मग सरलाबाईनेही तेच केलं. मग ओळीतल्या प्रत्येकाने. पोस्टमन आला, दोन बोटं डोळ्यांवर. मांजर गेली, दोन बोटं. भिकन तर मी जांभई दिली तरी बोटं दाखवायचा.

वर्षभरात मी मुका झालो. राखणीसाठी आणलेला कुत्रा मी, आणि अख्ख्या ओळीने मिळून मला भुंकायचं विसरायला लावलं. मला त्याचं दुःख नव्हतं. उखाच्या उशाशी मी पडायचो. त्याच्या कानात काही शिरत नाही, तरी मी भुंकलो असतो तर जमीन हलली असती आणि त्याचा डोळा उघडला असता. त्याचे हात झोपेतही हलायचे. दोन बोटं पुढे यायची, गाठ मारायची, मागे जायची. झोपेतसुद्धा तुटलेले धागे जोडत होता. मी त्या बोटांकडे बघत दुपारी काढल्या आहेत. असा माणूस झोपला असेल तर सगळ्या जगाने गप्प बसावं असं मला वाटायचं. अजून वाटतं.

पण मित्रांनो, भुंकणं म्हणजे नुसता गोंगाट नाही. ‘मी येतोय, बाजूला हो’ हे सांगायला आमच्याकडे तेवढंच आहे. ते काढून घेतलं की कुत्रा न सांगता येतो.

दोन वर्षांपूर्वी बांधावर चालताना माझे पाय गेले. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी आडवा झालो. सरलाबाईने मला छातीशी उचललं. पस्तीस किलोचा मी, आणि ती स्वतः पन्नास किलोचीही नसेल. तशीच रिक्षापर्यंत आली. कशी आली ते तिलाही सांगता येणार नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, यंत्रात बघितलं आणि चिडल्या. या जातीत हृदय मोठं होऊन सैल पडण्याचा आजार फार असतो, आणायच्या आधी हे माहीत नको का, असं त्या म्हणाल्या.

उखा हात जोडून उभा होता. “हमने नहीं लाया, मॅडम. हमारे पास आया.”

बाईंनी चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. मग त्यांनी औषध लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ गोळी, चुकवायची नाही. जास्त पळवायचं नाही, एकटं ठेवायचं नाही. तेव्हापासून भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवून मयुरी मला भरवते. तिला वाटतं मला कळत नाही. मला ती गोळी दारातून कळते. पण तिच्या चेहऱ्यावरची ती हुशारी बघायला मी रोज फसतो.

आता लाभपाचमेचं सांगतो. शेठ, इथे लक्ष द्या.

दिवाळीनंतर लाभपाचमेला खाती पुन्हा सुरू होतात. पूजा होते, शेठ लोक पेढे वाटतात. या वर्षी तुम्ही पांढरेशुभ्र कपडे घालून खोल्यांच्या ओळीत आलात. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी उंबऱ्यावर पडलो होतो, डोळे मिटून. वाऱ्याची दिशा बदलली आणि माझ्या नाकात गुलाबाचं अत्तर शिरलं. त्याच्यामागे चामडं. गाडीच्या सीटचं असेल, पण मला तो सोफाच वाटला.

माणसं आठ वर्षांनी शेजाऱ्याचं नाव विसरतात. आम्ही नाही विसरत. मला ना साखळी आठवली, ना काठी. मी पिल्लू असताना ज्याची दिवसभर वाट बघितली होती, तो माणूस दारात आला होता. माझं सैल हृदय असं उडालं की मी म्हाताराय हे विसरलो. मी पळालो.

आणि भुंकलो नाही. दिवसा झोपणारी माणसं राहतात ना ओळीत.

तुम्ही वळलात तेव्हा एक काळा कुत्रा, आवाज न करता, तुमच्या अंगावर येत होता. मी तुमच्या छातीवर दोन पंजे ठेवले. तुम्ही पाठीवर पडलात. मनगट मुरगळलं, शर्ट फाटला, माझ्या नखाने गालावर रेघ उठली. ही माझी चूक आहे, मी नाकारत नाही. पस्तीस किलोची माया अंगावर पडली तर माणूस पडणारच. म्हणून तर सांगतो मुलांनो, घरात म्हातारं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर शंभर वेळा विचार करा. डॉबरमन वाईट नसतो, पण त्याचं प्रेमसुद्धा जड असतं.

पण पुढचं नोटिशीत का नाही, शेठ? उखा खोलीतून बाहेर आला. दहा पावलांवरून त्याने तळहात जमिनीकडे दाबला. मी तुमच्यावरून खाली आलो आणि बसलो. सगळ्या ओळीने ते पाहिलं. पेढे इकडेतिकडे सांडले होते, मी त्यांच्या मधोमध बसलो होतो, आणि एकाही पेढ्याला तोंड लावलं नाही. हिंसक जनावर असं बसतं का हो?

नोटीस दारावर चिकटवली ती मयुरीने वाचून दाखवली. उखा तिच्या ओठांकडे बघत होता. ‘यार्ड’ या शब्दावर त्याने तिला थांबवलं, पुन्हा म्हणायला लावलं. तिथे ना माणूस, ना सावली. तिथे सकाळची गोळी कोण देणार? भाकरीत दडवून संध्याकाळची कोण? सगळ्यांनाच कळलं, की हजिऱ्याला मी चार दिवस काढणार नाही.

उखा दोनदा माफी मागायला गेला. दोन्ही वेळा मास्तरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, बाहेरूनच परत पाठवलं. “शेठ बिझी है.” सरलाबाई म्हणाली, खोली सोडू, कोसाडला भावाकडे जाऊ. पण तिथे त्यांचीच सहा माणसं एका खोलीत. आणि उखाला पन्नाशीत, कान गेल्यावर, दुसऱ्या खात्यात उभं कोण करणार?

काल मयुरीने नोटीस दारावरून हलकेच सोडवली. ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. गुजरातीत, शेठना वाचता यावं म्हणून. भिकन खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने नेहमीसारखी चेष्टा केली नाही. “लिही, पोरी,” म्हणाला. “आज कुत्रा, सकाय आपन.” सकाय म्हणजे उद्या.

सात वाजले.

मयुरीने माझ्या अंगावर गुलाबी अंगरखा चढवलाय. सरलाबाईने पट्टा धरलाय. आम्ही तिघं खात्याच्या दारात आलोय. शेठ, तुम्हीही आलात, मनगटाला पट्टी बांधून. टेम्पोवाल्याने साखळी हातात घेतलीय.

मित्रांनो, सुरतेत पाळी बदलते पण लूम थांबत नाही. रात्रीचा माणूस हात काढतो, दिवसाचा माणूस हात घालतो, कापड चालूच राहतं. मी साडेनऊ वर्षं जगलो, त्या खात्याच्या सावलीत आठाहून जास्त काढली, आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर तो आवाज कधी तुटलेला ऐकला नाही. आता उखाच्या बारा लूमसमोर भिकन येऊन उभा राहिला. उखाने त्याच्याकडे पाहिलं. मग हात वर केला आणि तळहात जमिनीकडे दाबला.

तोच हात. थांब.

भिकनने पहिली लूम बंद केली. दुसरी. बाराच्या बारा. पलीकडच्या माणसाने उखाचा हात पाहिला आणि त्याने आपल्या बंद केल्या. मग त्याच्या पलीकडच्याने. मास्तर ओरडत होता, पण हातांनी बोलणाऱ्या माणसांवर ओरडून काय होणार? एक एक खटखट गळत गेली, गळत गेली, आणि शेवटची लूम थांबली.

माझा पडलेला कानसुद्धा हलला. एवढ्या मोठ्या खात्यात हवेत तरंगणारा सुताचा भुगा खाली बसतोय, ते मला ऐकू येत होतं. सरलाबाईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. शेठ, तुमचा श्वास ऐकू येत होता. एका मुक्या कुत्र्यासाठी माणसांनी ज्यावर पोट चालतं तो आवाज बंद केला. याच्याहून मोठं काही मी बघणार नाही. बघायचं उरलंही नाही.

मयुरीने नोटीस उलटी धरली आणि वाचलं.

“शेठ, याला आणायच्या आधी तुम्ही घरात कुणाला विचारलंत? दिवसभर याच्याजवळ कोण बसणार होतं? याला कोण पळवणार होतं? याचं हृदय एक दिवस सैल पडतं हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत करून घेतलंत का? तुम्हाला नको झाला तेव्हा तुम्ही आमच्या खोलीत दिलात. आता आम्हाला हवाय, तर साखळी का आणलीत?”

मित्रांनो, तुम्हाला डॉबरमन हवा असेल, तर हे प्रश्न आधी स्वतःला विचारा. उत्तरं नसतील तर आणू नका. मोबाईलवरच बघा, छान दिसतो. आणि आणलात तर तो पांढरा होईपर्यंत, पाय जाईपर्यंत, छाती थांबेपर्यंत तुमचा. मधेच कुणाच्या दारात टाकायला तो जुनी खुर्ची नाही.

शेठ, तुम्ही खाली बघताय. टेम्पोवाला साखळी मागे लपवतोय. उखाला ऐकू येत नाही, म्हणून तो तुमच्या ओठांकडे बघतोय. अठ्ठेचाळीस लूम बंद आहेत. आज इथे ‘आवाजात ऐकू आलं नाही’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

बोला. मला आणलं कोणी?